बाबांचा राग आणि उंदरांचा तक्ता

वरसे (रोहा)
रविवार, २ मार्च १९९७

ती. सरूताईस,
मोरूचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. अक्षर दिपूचं असलं तरी बोलणं सगळं तुझंच, अगदी "जेवतोस का नाय रं वेळेवर" इथपर्यंत. जेवतो. अनिता नागोठण्याला भावाकडे गेली आहे, तिची वहिनी बाळंत झाली. मनस्वीही आईबरोबर गेली. डाळभात मला येतो, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या की झालं. तू पाठवलेले पोह्याचे पापड मात्र तीन वेळा जळले. चौथ्या वेळी जमले.

काळुराम भावोजींना सांग, चष्म्याचा नंबर वाढला म्हणून घाबरू नका. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा माणूस स्वतःचे डोळे तपासायला चार वर्षं लावतो, याला काय म्हणावं! पेणमध्ये एवढे कारखाने, पण गणपतीची नजर लावावी तर त्यांनीच. ती जपायला नको का?

आता प्रविणचं. माघी गणपतीच्या गडबडीत त्याने कारखान्यात एकाला मारलं, त्याचा दात पडला, हे वाचून मलाही वाईट वाटलं. तू लिहिलंस, "त्या वक्ताला त्याचा तोंड बघितला नि मला बाबाच दिसले. तू उंदरांवर येवढा शिकलास, तर सांग ना, रक्तात उतरतं का हे?"

ताई, हा प्रश्न मी कितीतरी दिवस मनात घोळवतो आहे. तुला समजेल असं लिहितो. काही राहिलं तर दिपू बीएस्सी झालेली आहे, ती समजावेल.

आमच्याकडे धाटावला औषधं तपासण्यासाठी पांढरे उंदीर पाळतात, ते तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका संस्थेने आम्हाला एक वेगळा वंश सांभाळायला दिला. या उंदरांच्या एका जनुकात बिघाड आहे. मेंदूत निरोप नेणारी काही रसायनं असतात, काम झालं की ती मोडून टाकावी लागतात. ती मोडणारा पदार्थ हे जनुक बनवतं. बिघाड झाला की रसायनं साचून राहतात. त्याचे दोन परिणाम दिसतात. एक म्हणजे नर फार मारकुटे होतात. अनोळखी नर पिंजऱ्यात सोडला की आम्ही घड्याळ लावतो. साधा नर हुंगतो, फिरतो, मग कधीतरी भांडतो. हे पाचव्या सेकंदाला अंगावर जातात. आमचा गुणाजी पिंजरे धुतो, तो म्हणतो, "साहेब, ह्याला बायकू कशाला देता? आदी जरा वळण लावा."

दुसरा परिणाम मला जास्त अद्भुत वाटतो. उंदराचं सगळं जग मिशांत असतं. एकेका मिशीसाठी मेंदूत एकेक गोल कप्पा असतो, मिठागराच्या बांध घातलेल्या कोंड्या कशा ओळीने असतात, तसे. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात ते कप्पे आखले जातात. या उंदरांत ते आखलेच जात नाहीत. बांध नसलेलं मिठागर, नुसतं पाणी पसरलेलं.

आता उतरण्याचं. हे जनुक ज्या गुणसूत्रावर असतं ते बाप आपल्या मुलींना देतो. मुलीकडे आईकडून आलेलं दुसरं चांगलं असतं, म्हणून ती शांत राहते. पण तिच्या मुलाला तिच्याकडचं वाईट मिळालं तर तो आजोबांवर जातो. म्हणजे आजोबांकडून मुलीकडे, मुलीकडून नातवाकडे. परदेशात एका कुटुंबातल्या माणसांतही असा बिघाड सापडल्याचं मी वाचलं आहे. मागच्या पानावर तक्ता काढला आहे. चौकोन पुरुषांचे, गोल बायकांचे. बाबा, त्यांच्याखाली तू, तुझ्याखाली प्रविण आणि दिपू. प्रविणचा चौकोन भरलेला आहे. तुझा गोल अर्धा भरला आहे. दिपूच्या गोलात प्रश्नचिन्ह आहे, कारण तिच्याकडे आलं असेल किंवा नसेलही, आणि असलं तर ती तिच्या मुलाला देऊ शकते.

म्हणून त्या पोराला दोष देऊ नकोस. स्वतःलाही देऊ नकोस. बाबांनाही कदाचित देऊ नये. आईचं मनगट मोडलं तेव्हा तू मला काखेत धरून मिठागराच्या बांधावर नेऊन बसवलंस आणि घरातला आवाज थांबेपर्यंत बगळे मोजायला लावलेस, ते मी विसरलेलो नाही. पण त्या माणसाच्या हातात काही नसेलही, असं आता वाटतं. त्याने मन हलकं होतं.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
मोरू


(पोस्टकार्ड)

वरसे, ३० मार्च १९९७

ती. ताईस, सा. न.

पत्र पोचलं. दिपूसाठी वडखळच्या हरेशकडची मंडळी पाडव्यानंतर येणार, हे वाचून फार आनंद झाला. मुलगा मी पाहिलेला आहे, हसरा आहे. दिपूलाही तो पसंत आहे, हे तुझ्या पत्रात तिनेच स्वतःच्या शब्दांत लिहिलंय! लाजली असेल. अनिता अजून नागोठण्यालाच आहे. बाळ किरकिर करतं म्हणे. तू विचारलंस, "तक्त्यात तू कुठं हायस रं? तुझा चौकोनच नाय." कार्डावर जागा पुरत नाही. भेटीत सांगेन.

मोरू


वरसे (रोहा)
शनिवार, १२ एप्रिल १९९७

चि. दिपिका हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तू माझ्या नावाने स्वतंत्र लिहिलेलं हे पहिलंच पत्र. लहानपणी आईच्या पत्राखाली "मामा, मला रंगीत खडू आण" एवढंच असायचं. खडूंचा प्रश्न मी नेहमी सोडवला. या वेळचा तुझा प्रश्न माझ्यामुळेच निर्माण झाला आहे, म्हणून गेले तीन दिवस मी उत्तर लिहितो आणि फाडतो आहे. रोह्याहून पेणला एसटीने दीड तास. येऊन बोलता आलं असतं. पण समोर बसून मी हे पुरतं बोलणार नाही, मला माझा स्वभाव माहीत आहे. लिहिताना निदान खोडाखोड दिसते.

तू लिहिलंस: "मामा, ते वाक्य मीच आईला वाचून दाखवलं. 'ती तिच्या मुलाला देऊ शकते.' वाचताना मधे थांबले नाही, आईला कळू नये म्हणून. तक्ता मात्र तिला उलटा धरून दाखवला. मी हरेशला नकार कळवलाय. कारण सांगितलं नाही. माझ्या पोटी आजोबा यायला नकोत."

दिपू, आईची सगळी पत्रं तूच वाचतेस हे मला माहीत होतं. "दिपू समजावेल" असं मीच लिहिलं होतं. आणि तरीही प्रश्नचिन्ह काढताना, ते वाचणारी मुलगी तीच आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझं लक्ष तक्ता किती सुबक जमलाय याकडे होतं. बाबा, ताई, प्रविण, अगदी उंदरांच्या वंशावळीसारखे एका रेषेत बसले, याचा मला आनंद झाला होता. कुणाच्या घरातल्या माराचा आनंद! हे मी डायरीत लिहिलं आहे, तुलाही सांगायला हवं.

आधी जे खरं आहे ते.

उंदरांबद्दल मी लिहिलं ते बरोबर आहे. माणसांच्या त्या एका कुटुंबाबद्दलही. पण तुझ्या आजोबांच्या रक्ताचा थेंब कुणी तपासलेला नाही. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. एक मारकुटा म्हातारा आणि एकदा हात उगारलेला नातू, एवढ्यावरून मी चौकोन शाईने भरला. आमच्याकडे एखाद्या मुलाने दोन उंदरांवरून निष्कर्ष काढला असता तर मी त्याची वही परत केली असती. प्रविणला कुणी विचारलं तरी का, की तू का मारलंस? तुझे बाबा परवा फोनवर म्हणाले, "अरे, पोरगा हातान दोन फुटी मूर्ती धरून जिना उतरतंय, नि तो मागून ढकलतंय, मस्करी म्हणं! मी असतो तर मी पन दिली असती एक." ते कारण पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. पण ते विचारायच्या आधी मी त्याला उंदीर करून टाकलं.

दुसरं. तुझं पत्र आल्यावर मी वंशाच्या सगळ्या नोंदी पुन्हा काढल्या. सव्वीस बिघडलेल्या नरांपैकी पाच जण कधीच चावले नाहीत. मी ते पाच "इतर" अशा रकान्यात टाकून मोकळा झालो होतो. या वेळी कानाच्या खुणांवरून त्यांचे पिंजरे शोधले. पाचही खिडकीकडच्या मांडणीत होते, आणि ती मांडणी गुणाजीची. त्याला विचारलं.

"वेगळं काय करतोस तू?"

"काय नाय साहेब." मग जरा घाबरून, "खाली अंथरलेला तूस बदलताना त्यांचा घरटा तेवढा नव्या पिंजऱ्यात टाकतो."

"ते टाकायचं नाही असं सांगितलंय ना? नियमात नाही ते."

"नियमान नाय, पन धुतलेल्या पिंजऱ्यान त्यांना आपला वास गावत नाय, मंग एकमेकांचं डोकं फोडतात. तुमी आमच्या घरातला सगला सामान एका दिवसान बाहेर काढा, मी पन चावंन तुमाला."

मी त्याला या कामाबद्दल गेल्या वर्षी झापलं होतं, आणि तो गुपचूप करत राहिला. पाच म्हणजे फार नाहीत, यावरून मी पुन्हा एक नवा तक्ता काढणार नाही. पण ज्यांच्या जनुकात बिघाड आहे हे नक्की माहीत आहे, त्यांच्यातही सगळे चावत नाहीत, एवढं मला तुला सांगता येतं. आणि मिशांचे ते कप्पे, ज्यांच्याविषयी मी आईला मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं, ते पहिल्या काही दिवसांत औषध दिलं तर पुन्हा आखले जातात, असं संस्थेकडून कळलं. मारकुटेपणाचं काय होतं ते अजून कुणाला सांगता येत नाही. मलाही नाही.

एवढं लिहून मी काल पत्र संपवणार होतो. पाकीटसुद्धा तयार होतं. पण यातलं काहीच तुझ्या भीतीला पुरेसं नाही. तू म्हणशील, मामा समजूत काढतो आहे, पाच उंदीर चावले नाहीत पण एकवीस चावले ना?

तुझी आई चौथीच शिकली आहे, पण पत्रातलं जे तुझ्याही लक्षात आलं नाही ते तिच्या आलं. तिने विचारलं, तक्त्यात तू कुठे आहेस. मी कार्डावर जागा नाही म्हणालो. कार्डावर तेव्हा चार ओळींची जागा होती.

तू बीएस्सीला हे शिकली आहेस, तुला लगेच दिसेल. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बाप मुलाला एक्स देतच नाही, मुलाला तो आईकडून मिळतो. म्हणजे बाबांमध्ये तो बिघाड असलाच, तर तो ताईला मिळाला. मला मिळणं शक्यच नव्हतं. माझा चौकोन कोरा. पहिला तक्ता काढताना मी स्वतःला पेन्सिलीने काढलं होतं. कोरा चौकोन बघवेना, म्हणून खोडलं.

का बघवेना ते सांगतो.

२६ जानेवारीला, रविवारी दुपारी, मी अनिताला मारलं.

तुझी मामी. भाजीवालीलाही "बाय गो" म्हणणारी. तिने शेजारच्या गिरजाबाईंना सुकट बांधून दिली, आणि ज्यात बांधली तो माझ्या निरीक्षणांचा कागद होता. कच्चा कागद, त्याची पक्की नोंद वहीत झालेली होती. मी विचारलं, ती म्हणाली, "तुमच्या उंदरांचा कागद सुकटीला लागला तर बिघडलं कुठं? त्यांना आवडंल." ती हसत होती. मी तिच्या कानशिलात मारली. कानातलं रुतून रक्त आलं. मनस्वी ताट घेऊन दारात उभी होती. तिने ताट खाली ठेवलं आणि ती बाहेर गेली.

त्यानंतर आठ दिवसांनी अनिता नागोठण्याला गेली. वहिनी बाळंत झाली हे खरं आहे, पण ती त्यासाठी गेली नाही, आणि बाळाच्या किरकिरीमुळे राहिली नाही. मनस्वी आता तिथून बसने रोह्याला शाळेत येते. मी एकदा मधल्या सुट्टीत फाटकापाशी उभा राहिलो. ती मैत्रिणींच्या आड झाली.

त्या दुपारनंतर महिन्याने ताईचा प्रश्न आला, रक्तात उतरतं का हे. मला तेव्हा ते उतरायलाच हवं होतं, दिपू. रक्तात असेल तर दुपारी उठलेला तो हात बाबांचा होता, माझा नव्हता. मी ताईचं उत्तर लिहीत नव्हतो, माझी सुटका शोधत होतो. आणि तक्ता काढून झाल्यावर दिसलं की या घरात तो बिघाड असलाच, तर ज्याला तो मिळणं अशक्य असा एकमेव माणूस मी आहे. तेव्हा मी स्वतःला खोडलं आणि बाकीचा तक्ता तुमच्या घरी पाठवून दिला.

आता हे तुझ्या बाजूने बघ. माझ्याकडे बाबांचं ते गुणसूत्र नाही. तरी मी तेच केलं, त्याच हाताने, जवळजवळ त्याच आवाजात. म्हणजे बाबांचा राग आमच्या घरात ज्या वाटेने आला ती वाट मी तुला काढून दाखवली ती नव्हे. मी तो पाहून शिकलो. लहानपणी अकरा वर्षं रोज पाहिला, आणि शिकलो आहे हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. तुझ्या घरात तुला तो पाहायला मिळाला नाही. तुझे बाबा रंगाची वाटी सांडली तर आधी वाटीची माफी मागतात. प्रविणने ते केल्यावर तीन दिवस तो जेवला नाही असं आईने लिहिलं होतं, मी ते वाक्य वाचूनही सोडून दिलं.

तुझ्यात काहीच नाही, अशी शपथ मला घेता येत नाही. तशी कुणालाच कुणाबद्दल घेता येत नाही. पण मी तुला जी भीती दिली तिला आधार नव्हता, एवढं मी शपथेवर सांगतो. हरेशला नको म्हणायचं असेल तर तो आवडत नाही म्हणून म्हण, वडखळला राहायचं नाही म्हणून म्हण, नाही तर कारण न देता म्हण. माझ्या कागदावरून म्हणू नकोस. आणि त्याला सांगायचंच असेल तर हे पत्र त्याला दे. माझी लाज वाचवायची काही गरज नाही.

आईलाही हे वाचून दाखव. ती रडेल, मला शिव्या देईल, "मेल्या, तुला बांधावर न्यायची ते यासाठी?" असं म्हणेल. म्हणू दे. मधे काही गाळू नकोस.

हे पत्र मी उद्या पोस्टात टाकणार नाही. यात अनिताविषयी लिहिलं आहे, तेव्हा तिला दाखवल्याशिवाय ते पाठवण्याचा मला हक्क नाही. उद्या सकाळच्या गाडीने नागोठण्याला जातो.


रविवार, १३ एप्रिल

नागोठण्याच्या स्टँडवर बसून हे लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

अनिताने पत्र ओटीवर बसून वाचलं, दोनदा. भावाच्या बाळाला मांडीवर घेतलं होतं, ते झोपलं होतं. मी उभाच होतो, मला कुणी बस म्हटलं नाही. मनस्वी आत अभ्यास करत होती, पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. शेवटी अनिता म्हणाली, "दिपूचं लग्न मोडायला नको. पाठवा हे." मग म्हणाली, "पण यात चूक आहे."

मी विचारलं, कुठे.

"एकदा नाही, दोनदा. दिवाळीआधी चकल्या करत होते तेव्हा तुम्ही मला ढकललंत. ओट्याची कड लागली कमरेला. पाडव्यापर्यंत वाकता येत नव्हतं मला."

मी म्हणालो, ते मी मारण्यात धरलं नव्हतं.

तिने बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

दिपू, घड्याळ लावून उंदरांच्या नोंदी घेताना आम्ही चावणं, अंगावर जाणं आणि ढकलणं, तिन्ही हल्ल्यातच धरतो. तो नियम मीच लिहिलेला आहे. माझी डायरी मी बरोबर आणली होती, नोव्हेंबरची पानं इथेच बसून पाहिली. त्या दिवशी आठ पिल्लं जन्मली, एवढीच नोंद आहे.

वर जिथे "मारलं" असं आहे तिथे मी काही बदललेलं नाही. ती दुरुस्ती इथे, तारखेसह करतो: दोनदा. आणखी असतील तर ती तुझ्या मामीला माहीत असतील, मला नाहीत. परत यायचं की नाही ते मी बघीन, असं ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

मनस्वी दारापर्यंत आली, आणि माझ्या हातातल्या पाकिटाला तिने तिच्या कंपासपेटीतली तिकिटं लावून दिली.

आईला साष्टांग नमस्कार. तू सुखी हो.

तुझा मामा,
मोरेश्वर, ज्याचा चौकोन कोरा आहे